फळी एक, चान्स एक!

आमचा पुण्यातला जुना वाडा पाडला, तेव्हा दाराच्या चौकटीची वरची आडवी पट्टी मी हट्टानं उचलून आणली. अस्सल सागवान! पण निम्मं वाळवीनं खाल्लेलं. कापून-तासून हाती आली एकच धड फळी, ९ इंच रुंद. तिची भिंतीवर टांगायची गोल प्लेट करायची, मधोमध अंगणातल्या प्राजक्ताचं फूल, आणि फ्लॅटमध्ये अजून न रुळलेल्या आजीला वाढदिवसाला द्यायची. आयडिया सॉलिड! प्रॉब्लेम एवढाच, की मला साधा खिळाही सरळ ठोकता येत नाही.

एका मैत्रिणीनं सुचवलं, सीएनसी राउटर! कम्प्युटरवर डिझाइन करायचं आणि मशीनचं फिरतं कटर ते लाकडात कोरणार. नेमप्लेट, देव्हाऱ्याच्या जाळ्या हल्ली अशाच बनतात. शनिवारी सकाळी भोसरीतलं एक वर्कशॉप गाठलं.

"मॅडम, हे लाकूड परत मिळेल?" वर्कशॉपवाल्या दादांनी विचारलं.
"नाही."
"मग आधी पाइनवर ट्राय करू."

कोपऱ्याचा फंडा

जडावकाम म्हणजे एका लाकडात खाच करून दुसरं लाकूड चपखल बसवणं. म्हैसूरचे कारागीर शिसवी लाकडात हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. मशीनची गोची वेगळीच. कटर गोल फिरतं, त्यामुळे ३ मिलिमीटरचं कटर आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतंच. म्हणजे पाकळीचं टोक बोथट! उपाय, ६० अंशांचं व्ही-बिट. कोपऱ्याकडे जाताना ते हळूहळू वर येतं आणि नुसत्या टोकानं रेखीव कोपरा कोरतं. बसवायचा तुकडाही पाचरीसारखा निमुळता. तो पालथा घालून खाचेत बसतो, म्हणून डिझाइन आरशातल्यासारखं उलटं करून कापायचं.

नेमकं तेच मी विसरले. प्राजक्ताच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या. माझ्या तुकड्यातल्या वळल्या दुसरीकडे. मशीननं माझी चूक अगदी अचूक कापली होती! नशीब, पाइन होतं.

लाल भुकटी

खऱ्या फळीवर दादांनी आधी चुंबक फिरवलं. खट्! काठाजवळ गंजका खिळा. बिट त्यावर आपटलं असतं तर बिट आणि फळी, दोन्हींचा निकाल! खिळा काढला, भोक राहिलं.

पाकळ्यांना फिकट मॅपल, मधल्या देठाला केशरी पडौक. आधी पाकळ्या बसवल्या, मग त्यांत देठ. दोन्ही वेळा डिंक लावून रात्रभर क्लॅम्प. वर उरलेलं लाकूड करवतीनं कापून पॉलिश पेपर घासायला घेतला, तर पडौकची लाल भुकटी मॅपलच्या रंध्रांत! ब्रश, व्हॅक्यूम आणि हातानं खरवडणं... मशीनचं काम तासाभराचं, माझा अख्खा वीकेण्ड गेला.

"भोक भरू का?" दादांनी विचारलं. मी इतकी दमले होते, म्हटलं राहू दे.

आजीनं प्लेट हातात घेतली. फुलाचं कौतुक झालं, मग बोट काठावर थांबलं. "अगं, इथे तोरणाचा खिळा होता ना?"

तुम्हीही ट्राय करताय?

* पहिला तुकडा नेहमी टाकाऊ लाकडाचा.
* दोन्ही लाकडांचे रेषे एकाच दिशेला ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं.
* गडद आणि फिकट लाकूड एकत्र असेल तर घासण्याआधी पारदर्शक सीलरचा हात मारा.
* जुन्या लाकडावर चुंबक फिरवाच!