कित्ता गिरवायचा की डोंगर बघायचा? चित्रकार ली केरान यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार.

प्रश्न साधा आहे. तुम्हाला डोंगराचं चित्र काढायचंय. आधी डोंगर बघायचा, की आधीच्या लोकांनी काढलेले डोंगर बघायचे? चीनमधल्या शाईच्या चित्रकलेत हा वाद जुना आहे. पण १९५० च्या आसपास तो इतका टोकाला गेला, की ही कला टिकणार की संपणार, असाच सवाल उभा राहिला. तेव्हा ज्यांनी चित्रांतून उत्तर दिलं, त्यांपैकी एक म्हणजे ली केरान. जन्म १९०७, जिआंग्सू प्रांतातल्या शूझोऊ शहरात.

आधी ही कला शिकायची पद्धत समजून घेऊ. सामान थोडंच: कुंचला, काळी शाई आणि शाई पटकन शोषून घेणारा कागद. खोडरबर नाही, अन्डू नाही. एकदा फटकारा मारला की मारला. त्यामुळे हात तयार करायला जुन्या उस्तादांची चित्रं गिरवायची. १६७९ मध्ये तर यासाठी एक छापील पुस्तकच आलं. झाड कसं काढायचं, खडक कसा काढायचा, सगळं पायरी-पायरीने. खडकाचा पोत दाखवायला ठरलेले फटकारे होते आणि त्यांना नावंही होती. एक तागाच्या दोऱ्यांसारखा, एक कुऱ्हाडीच्या घावासारखा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तयार लायब्ररी. इंपोर्ट करा आणि वापरा.

यात वाईट काही नाही. गाणारे रियाज करतात, तसंच हे. गडबड कुठे झाली? पुढे पुढे अनेक जण डोंगराकडे न बघताच डोंगर काढायला लागले. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. गंमत म्हणजे, ही परंपरा ज्यांनी घडवली ते असे नव्हते. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले जिंग हाओ ताइहांग डोंगरात राहायचे. देवदारासारखी झाडं त्यांनी हजारो वेळा काढली, तेव्हा कुठे ती खरी वाटायला लागली, असं त्यांच्या नावावरच्या लेखनात आहे.

आता १९४९ नंतरचा चीन बघा. नवी राजवट, नवा उत्साह. शाईची निसर्गचित्रं म्हणजे जुन्या सरंजामी लोकांचा विरंगुळा, नव्या जगाशी त्याचा काय संबंध, असं बोललं जाऊ लागलं. म्हणजे एकीकडे ‘जुनं तसंच ठेवा’ म्हणणारे आणि दुसरीकडे ‘जुनं फेकून द्या’ म्हणणारे.

ली केरान यांनी दोन्ही बाजूंना नकार दिला. आणि तो हक्क त्यांनी कमावला होता, बरं का. तरुणपणी हांगझोऊच्या कला विद्यालयात ते पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकलाही शिकले होते. पुढे १९४७ मध्ये, स्वतः कलाशिक्षक असताना, वयाच्या चाळिशीत ते ची बाइशी या ऐंशी पार केलेल्या उस्तादांचे शिष्य झाले. ची बाइशींची कोळंबी आणि फळं प्रसिद्ध होती. पण लींनी तिची नक्कल केली नाही. त्यांनी उचलली ती रेघ: झरझर न ओढता, सावकाश, प्रत्येक क्षणी हाताच्या ताब्यात असलेली.

मग १९५४ मध्ये ते बाहेर पडले. झांग डिंग आणि लुओ मिंग या दोन चित्रकारांसोबत यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या भागात. निघण्याआधी त्यांनी दोन शिक्के कोरून घेतले होते. एकाचा आशय असा, की मोलाचं आहे ते धाडस. दुसऱ्याचा असा, की हवा आहे तो आत्मा. १९५६ मध्ये तर ते जवळपास आठ महिने फिरले आणि दोनशेच्या आसपास चित्रं घेऊन परतले.

इथे एक बारकावा आहे. पेन्सिलीने झटपट स्केच मारायचं आणि घरी येऊन शाईत उतरवायचं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुंचला, शाई आणि कागद घेऊन ते थेट जागेवर बसायचे. पण समोर दिसेल ते सगळं कॅमेऱ्यासारखं टिपायचंही नाही. काय घ्यायचं, काय सोडायचं, काय सरकवायचं, हे ठरवायचं. हे स्वातंत्र्य जुन्या चिनी चित्रकारांनीच घेतलेलं होतं.

आता खरा मुद्दा. जागेवर बसल्यावर एक अडचण आली: उजेड. सूर्य डोंगरामागे असला की अख्खा डोंगर काळाभोर दिसतो आणि कडेला नुसती उजेडाची किनार. जुन्या पुस्तकातले फटकारे यासाठी बनलेलेच नव्हते. मग काय, पाश्चात्त्य पद्धतीच्या सावल्या मारायच्या?

उत्तर सापडलं ते परंपरेतच, फक्त आणखी आत. हुआंग बिनहोंग हे त्यांचे दुसरे गुरू. शाईवर शाई चढवण्याच्या जुन्या तंत्रात ते पारंगत होते. पातळ शाईचा एक थर, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. जास्त झालं तर कागदावर नुसता मेलेला काळा डाग उरतो. लींनी हेच तंत्र वापरून उजेडाविरुद्धचा डोंगर उभा केला. धबधबा, पायवाट, घरांच्या भिंती यांसाठी मात्र कागद कोराच सोडला. म्हणून त्यांच्या चित्रात काळोख जितका दाट, तितका तो पांढरा जास्त लख्ख वाटतो.

म्हणजे प्रश्न निसर्गाने विचारला आणि उत्तर परंपरेने दिलं. घराबाहेर पडले नसते तर प्रश्नच कळला नसता. गिरवलं नसतं तर उत्तर हातात नसतं. म्हणून समतोल म्हणजे ‘अर्धं हे, अर्धं ते’ नव्हे. लींचं सांगणंच असं होतं, की परंपरेत शिरताना सगळी ताकद लावा आणि बाहेर पडताना सगळं धाडस.

याची किंमतही त्यांनी मोजली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९७४ मध्ये, बीजिंगमध्ये ‘काळी चित्रं’ म्हणून एक निंदा-प्रदर्शन भरवलं गेलं. त्यात त्यांचंही काम होतं. जो काळा रंग त्यांनी वर्षानुवर्षं कमावला, तोच गुन्हा ठरला. तरी हात थांबला नाही. त्यांच्या शिक्क्यांमध्ये एक आहे ‘तीन हजार वाया गेलेली चित्रं’ आणि एक ‘पांढऱ्या केसांचा विद्यार्थी’. १९८९ मध्ये ते गेले.

आता एक काम करा. फोनवर ली केरान यांचं ली नदीचं किंवा ग्वेलिनच्या डोंगरांचं एखादं चित्र उघडा. झूम करा. आधी काळं बघू नका, पांढरं शोधा. होडी, पाणी, वाट. मग स्वतःला विचारा: इथे चित्रकाराने काय काढलं, आणि काय मुद्दाम काढलंच नाही? काय दिसलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!