शत्रू जपानी, वेढा स्वकीयांचा

१९३७ मध्ये चीनमध्ये जपानविरुद्ध च्यांग काय-शेक यांचं सरकार आणि कम्युनिस्टांनी हातमिळवणी केली खरी, पण ती कागदावरच जास्त. येनान हे केंद्र असलेला कम्युनिस्टांचा शान-कान-निंग सीमा प्रदेश सरकारनेच मान्य केलेला. त्याच्याभोवती फौजा उभ्या केल्या त्याही सरकारनेच. जानेवारी १९४१ मध्ये आन्ह्वेई प्रांतात सरकारी सैन्याने कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सैन्याची सुमारे ९ हजारांची तुकडी घेरून संपवली, सेनापती ये तिंग कैद झाले. मग येनानला मिळणारा सरकारी पैसा थांबला आणि नाकेबंदी आवळली. मीठ होतं, कापड नव्हतं. सैनिकांनी बंदुका बाजूला ठेवून येनानजवळच्या नानिवानचं रान खणलं, धान्य पेरलं. गुहेसारख्या घरांत चरखे फिरू लागले. चौ एन-लाय यांच्यासारखे नेतेही सूत कातायला बसत. १९४३ च्या उन्हाळ्यात सरकारी सेनापती हू त्सुंग-नान यांच्या फौजा येनानवर चाल करण्याच्या बेतात होत्या, बोभाटा झाला आणि त्या थबकल्या.

याच येनानशी एक मराठी धागाही जोडलेला आहे: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये तिथे पोहोचले होते. पुढे ते दुसऱ्या सीमा प्रदेशात, चिन-चा-चीमध्ये, जखमींवर उपचार करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.