जुनी मोटार घेतांना एंजिनाची परीक्षा

हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधु कुटुंबाकरितां १०-१२ वर्षें वापरलेली मोटार घेतात. बैल घेतांना दांत पाहणारे गृहस्थच मोटारीचा मात्र नुसता रंग पाहून पैसे मोजतात, याचें नवल वाटतें.

परीक्षा सकाळीं, एंजिन थंड असतांना करावी. विकणाऱ्यानें तें अगोदरच तापवून ठेविलें असल्यास दुसरे दिवशीं जावें. चालू करतांच मागील धूर पहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळतें. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीं. थंडींत क्षणभर पांढरा निघाला तर ती वाफ होय. पण एंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर सुटत राहिल्यास रेडिएटरचें पाणी सिलिंडरांत शिरत असावें.

हें दुखणें फार महाग. आमच्याच गाडीचा रबरी नळ फुटून पाणी गळलें. कांटा लाल रेघेवर गेला, तरी गांव कोसभरच राहिलें म्हणून तशीच हांकली. हेड वांकलें, गॅस्केट गेलें, आणि त्या हंगामाच्या भुईमुगाचे पैसे दुरुस्तींत गेले. कांटा चढतांच गाडी थांबवून एंजिन बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये, उकळतें पाणी अंगावर उडतें.

कांहीं गाड्यांत टायमिंगचा पट्टा रबरी असतो. तो चालतांना तुटल्यास कित्येक एंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हांवर आदळतात. सात-बारा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. तशीच पट्टा बदलल्याची पावती मागावी, व ती नसल्यास तेवढा खर्च किंमतींतून वजा करूनच बोली करावी.