कुरळ्या केसांच्या मुळाशी: निफाडची चाळीस वर्षं

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचं नाव राज्यभर ऐकू येतं ते थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली उतरला की बातमी होते आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. घरात याच दिवसांत दुसरी तक्रार सुरू होते. हवा कोरडी, अंघोळीचं पाणी कढत, आणि आठवडाभरात खांद्यावर कोंडा. केस सरळ असतील तर फणीबरोबर बराचसा निघून तरी येतो. कुरळ्या केसांत मात्र तो मुळाशीच अडकून बसतो, डोकं खाजत राहतं आणि वर उपदेश मिळतो की ‘तेल लाव, कोरडं पडलंय’.

या उपदेशाचा इतिहास मोठा आहे. 1980 च्या दशकापासून आजपर्यंत कुरळ्या केसांवर काय काय प्रयोग झाले ते ओळीने पाहिलं, तर प्रत्येक काळात उपाय केसांवर झाले आणि त्यांचे परिणाम डोक्याच्या त्वचेने भोगले, असं दिसतं.

शिकेकाईचे दिवस

तेव्हा न्हाणं हे आठवड्याचं काम होतं. आदल्या रात्री तेल, सकाळी चुलीवर उकळलेली शिकेकाई, जोडीला रिठा, आवळकाठी, जमलं तर नागरमोथा. शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्यं असतात. ती तेल-मळ काढतात, पण साबणासारखी केस रखरखीत करत नाहीत. ज्या घरात कुरळ्या केसांच्या बायका होत्या, तिथे शिकेकाईची पूड थेट डोक्यावर चोळत नसत, कारण गुंत्यात अडकलेला चोथा दोन दिवस निघत नसे. काढा गाळून मुळांवर ओतायचा, हे अनुभवाने आलेलं शहाणपण होतं.

त्या काळाचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. उवा झाल्या की डोक्यात रॉकेल ओतलं जाई, नाहीतर सीताफळाच्या बियांची पूड. रॉकेलने त्वचा भाजते, आणि ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. शाळेत जाताना कुरळे केस ‘आवरलेले’ दिसावेत म्हणून तेल चोपडून, भुवया ताणल्या जातील इतक्या घट्ट दोन वेण्या घालत. वर्षानुवर्षं असा ताण बसला की कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस विरळ होतात. ताण लवकर थांबवला तर ते परत येतात, उशीर झाला तर मुळं कायमची मरतात.

आणखी एक वाईट गोष्ट गुंत्यातून सुरू होई. कुरळे केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, एखाद्या बाळंतपणात किंवा आजारपणात महिनाभर हात लागला नाही, तर त्यांची जट बनते. तिला देवीचा कौल मानलं की कात्री लावायची सोय संपली. जटेखालची त्वचा धुता येत नाही, तिथे उवा, जखमा, दुर्गंधी, आणि वजनाने मान दुखते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, ठिकठिकाणी जाऊन, बायकांची भीती घालवून त्यांच्या जटा कापल्या. डोक्याच्या त्वचेसाठी महाराष्ट्रात झालेलं हे मोठं काम आहे, पण सौंदर्याच्या पुरवण्यांत त्याची नोंद क्वचितच होते.

पुडी आली

1983 मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरला सी. के. रंगनाथन यांनी छोट्या भांडवलावर शॅम्पूचा धंदा सुरू केला. त्यांची ‘चिक’ची पुडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पन्नास पैशांना मिळू लागली. तोवर शॅम्पूची बाटली शहरी मध्यमवर्गाची. पुडीने ती वस्तू किराणा दुकानाच्या दाराशी माळेसारखी टांगली. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून निफाडला कामाला येणाऱ्या मजूर बायकांनाही ती परवडू लागली.

त्यांच्या डोक्यांना धुण्याची गरजही मोठी होती. खरड छाटणी, थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), सगळी कामं मांडवाखाली मान वर करून. वरून पालापाचोळा आणि फवारणीची धूळ, खाली दिवसभर करकचून बांधलेला स्कार्फ आणि आत घाम. डोक्याची त्वचा ओलसर आणि बंद राहिली की कोंडा आणि बुरशी दोघांचं फावतं.

कोंड्यामागच्या बुरशीला मॅलासेझिया म्हणतात. 1874 मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांच्यावरून हे नाव आलं. ती जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. त्या तेलाचं विघटन करताना ती जी आम्लं सोडते, त्यांनी काहींची त्वचा चिडते आणि भराभर सोलवटते. म्हणून कोंडा बहुधा वयात येताना, तेलग्रंथी जोर धरतात तेव्हा सुरू होतो. बहुतेक कोंड्यात त्वचा तेलाने उपाशी नसते. तिच्यावर तेल थापणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं.

कुरळ्या केसांत घोटाळा दुहेरी होतो. मुळाशी तयार झालेलं तेल सरळ केसावरून विंचरता विंचरता टोकापर्यंत जातं. वळणावळणाच्या केसावरून ते उतरत नाही. त्यामुळे मुळं तेलकट आणि टोकं काथ्यासारखी, असं दोन्ही एकाच डोक्यावर असतं. टोकं पाहून तेल ओतलं की मुळं बिघडतात. मुळं पाहून रोज शॅम्पू केला की टोकं तुटतात. पुडीच्या काळात बहुतेकींनी दोन्ही केलं.

बोअरचं पाणी

याच सुमारास घरचं पाणीही बदललं. विहिरी आटल्या तशा बोअर खोल गेल्या. तालुक्यात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम अंगाच्या साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. डोक्याला साबण लावण्याची सवय असलेल्या घरांत तो साका कुरळ्या केसांच्या मुळाशी बसतो आणि कोंडा म्हणून मोजला जातो. शॅम्पूचा असा साका होत नाही. अशा पाण्यात डोक्याला साबण न लावणं, हा बिनखर्ची उपाय आहे.

पाण्यावर सगळं ढकलणंही बरोबर नाही. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांना दोन-तीन दिवसांत टक्कल पडू लागलं, तेव्हा पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस वेगाने आणि पुंजक्याने जाऊ लागले, तर शॅम्पू बदलत बसू नये, तपासणी करावी, हा त्यातला धडा. कोविडच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ज्यांचे केस मूठ-मूठ गळले, त्यांचंही कारण डोक्याबाहेरचं होतं. त्यातल्या बहुतेकांचे केस परत आले.

सरळ करण्याचा हंगाम

2010 नंतर निफाड, पिंपळगाव, ओझरच्या पार्लरमध्ये स्मूदनिंग आणि केराटिनचे फलक लागले. लग्नसराईआधी कुरळ्या केसांच्या मुली तासन् तास खुर्चीत बसू लागल्या. रसायन मुळापासून थोडं लांब लावायचं असतं. ते टाळूला टेकलं की त्वचा पोळते आणि मुळाशी कमकुवत झालेले केस तुटतात. काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ते नको म्हणून ग्लायॉक्झिलिक आम्ल आलं. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली: केस सरळ करण्याच्या उपचारानंतर तिच्या मूत्रपिंडाला प्रत्येक वेळी इजा झाली होती, आणि मलमातलं हे आम्ल त्वचेतून शरीरात गेल्याचा संशय होता. डोक्याची त्वचा आत काही जाऊ देत नाही, या समजाला बसलेला तो धक्का होता.

कुरळे राहू देण्याचे दिवस

कुरळे केस कुरळेच ठेवण्याची लाट भारतात गेल्या दहा वर्षांत पसरली. तिचं मूळ न्यूयॉर्कच्या लॉरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या 2001 च्या पुस्तकात आहे. शॅम्पू टाळा, कंडिशनरनेच धुवा, ब्रश फेकून द्या, हा त्याचा गाभा. केसांना ते मानवलं. निफाडच्या मुलीही आता वळणं मिरवत कॉलेजला जातात, हे चांगलंच झालं. पण धूळ, घाम आणि जड पाण्याच्या गावात फक्त कंडिशनरने डोकं धुतलं की मुळाशी थर साचतो, खाज सुटते आणि कोंडा वाढतो. या वेळीही लक्ष वळणांवर राहिलं, त्वचा मागे पडली.

तेलाबद्दलचा निवाडा मात्र मुंबईतच झाला होता. 2003 मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासलं. केसांतल्या प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलानेच कमी होतो, कारण ते केसाच्या आत शिरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीचं, हे विसरू नये. तरी तो फायदा केसाच्या काडीला मिळतो, कोंड्याला नाही. म्हणजे तेल टोकांना, धुण्याआधी लावायचं.

आज काय करावं

चाळीस वर्षांचा हिशेब लावला तर उपाय साधाच उरतो. आठवड्यातून एक-दोनदा, बागेतलं किंवा धुळीचं काम असेल तर अधिक वेळा, कोमट पाण्याने डोकं धुवा. भांग पाडत पाडत शॅम्पू मुळांशी, नखांनी न ओरबाडता बोटांच्या पेरांनी चोळा. कंडिशनर कानाखालच्या लांबीला लावा आणि तो असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा. मुळं वाळल्याशिवाय अंबाडा किंवा स्कार्फ बांधू नका, निफाडच्या थंडीत तर मुळीच नाही. पिवळसर, चिकट कोंडा असेल तर कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून, साधारण चार आठवडे वापरा. त्याने फरक पडला नाही, चट्टे पडले, पू झाला किंवा चाईसारखे गोल डाग दिसले, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय निफाडकरांना फार लांब नाही.

मुलीच्या कुरळ्या केसांना काही करण्याआधी तिच्या डोक्याचा भांग पाडून उजेडात बघा. त्वचा लाल आहे, तेलकट आहे की कोरडी, हे पाहून मग बाटली उघडा.