दूरनियंत्रकाची काटकसर

दूरचित्रवाणी संचाचा रिमोट, म्हणजेच दूरनियंत्रक, आज घरोघरी दिसतो. दोन छोट्या सेलवर तो महिनोन्‌महिने चालतो. एवढ्याशा ऊर्जेत हे कसे साधते, ते आपण पाहू.

१९५६ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीसाठी रॉबर्ट ॲडलर यांनी तयार केलेल्या दूरनियंत्रकात सेल नव्हताच. कळ दाबली की आतील हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघे. सेल संपला तर ग्राहकाला संचच बिघडला असे वाटेल, ही कंपनीची धास्ती होती. परंतु या रचनेतून मोजक्याच आज्ञा देता येत. पुढे आज्ञा वाढल्या, सेल अपरिहार्य झाले आणि ऊर्जेची बचत हा परिपथाच्या रचनेतील मुख्य प्रश्न बनला.

आजच्या परिपथाचे तीन प्रमुख भाग असतात : कळा, सूक्ष्मनियंत्रक आणि अवरक्त प्रकाश देणारा एलईडी. कळ दाबली जाईपर्यंत सूक्ष्मनियंत्रक जणू झोपलेला असतो. समजा, तो सतत जागा राहून १ मिलिअँपिअर प्रवाह घेत असता, तर १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे सेल सुमारे ४२ दिवसांत रिकामे झाले असते. झोपेत तो याच्या हजारावा भाग प्रवाह घेतो असे मानले, तर हाच हिशेब ११४ वर्षांवर जातो! अर्थात, त्याआधीच सेल आपोआप निकामी होतात.

कळ दाबताच सूक्ष्मनियंत्रक जागा होतो, कोणती कळ दाबली ते ओळखतो आणि तिचा सांकेतिक संदेश एलईडीकडे धाडतो. अवरक्त किरण सूर्यप्रकाशातही असतात. मग संच आपला संदेश निवडतो कसा? संदेश पाठवताना एलईडी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि संचातील ग्राहक याच गतीची लुकलुक स्वीकारतो. प्रत्येक वेळी एलईडी साधारण एक-तृतीयांश काळच पेटतो. त्यामुळे ऊर्जाही वाचते. एका प्रचलित पद्धतीत संपूर्ण संदेश सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पोहोचतो. कळ सोडली की सूक्ष्मनियंत्रक पुन्हा झोपी जातो.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. मात्र पुष्कळ मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यांतून तो जांभळट दिसतो. रिमोट चालेनासा झाला, तर कॅमेऱ्यासमोर त्याची कळ दाबून पाहा. प्रकाश ठळक दिसला, तर दोष बहुधा अन्यत्र आहे. अंधूक दिसला, तर आधी सेल बदला. संच दुरुस्तीला नेण्याची घाई करू नका.