गीतमालेचा निवेदक

बुधवारी रात्रीचे आठ वाजत आले की घरोघरी रेडिओची कळ फिरू लागे. खरखरीतून कोलंबोचे केंद्र सापडे आणि ‘बहनों और भाइयों’ अशी प्रसन्न साद कानी येई. भावांच्या आधी बहिणींना हाक मारणारा तो आवाज अमीन सयानी ह्यांचा होता.

सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी ह्यांनी साक्षरतेच्या कार्यास वाहून घेतले होते. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. भाषा मात्र एकच, महात्मा गांधींना प्रिय असलेली सोपी हिंदुस्तानी. ह्या कामात लहानगा अमीन आईला हातभार लावी. थोरले बंधू हमीद इंग्रजी निवेदक होते. त्यांच्यामुळे रेडिओची ओळख बालपणीच झाली. तथापि पुढे आकाशवाणीच्या हिंदी निवेदकांच्या चाचणीत अमीन अनुत्तीर्ण झाले. त्यांच्या उच्चारांत गुजराती व इंग्रजीची छटा आहे, असे परीक्षकांना वाटले.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीत घरोघरी पोहोचावे, ही त्यांची तळमळ खरी होती; पण त्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. महायुद्धाच्या काळातील त्या केंद्राचे प्रक्षेपण-यंत्र मोठे शक्तिमान होते. शिवाय लघुलहरी वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तित होऊन दूर जातात. त्यामुळे कोलंबोचा आवाज हिमालयाच्या पायथ्याशीही ऐकू येई.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका हे टूथपेस्टचे नाव. आठवड्याला अवघ्या पंचवीस रुपयांत संहिता लिहिणे, निवेदन करणे आणि आलेली पत्रे तपासणे, हे सारे एकोणीस वर्षांच्या सयानींनी पत्करले. सात गाणी वाजत. त्यांचा क्रम श्रोत्यांनी कळवायचा व बरोबर उत्तरास शंभर रुपयांचे पारितोषिक. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रे आली! पुढे आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली, असे सयानी सांगत. तेव्हा स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारीच सांगण्यात येऊ लागली. क्रमांकाला ते ‘पायदान’ म्हणत, आणि पहिल्या पायदानाच्या गाण्यापूर्वी बिगूल वाजे.

क्रम ठरवायचा कसा, हा प्रश्न सोपा नव्हता. एखाद्या गाण्याचा हितचिंतक एकटाच शेकडो पत्रे धाडू शकतो. म्हणून ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता-संघांची मते पडताळून पाहण्यात येऊ लागली. तरीही आपले आवडते गाणे मागे पडले की श्रोते रागावून पत्र लिहीतच.

१९८९ साली गीतमाला विविध भारतीवर आली. म्हणजे चाचणीत नापास झालेला आवाज आकाशवाणीवरूनच देशभर घुमू लागला. सयानींना २००९ साली पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते निवर्तले, तेव्हा अनेक वृद्ध श्रोत्यांनी आपल्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. बुधवारमागून बुधवार टिपून ठेवलेली पायदाने त्यांत होती.