चारही चाकं हवीत कशाला?

दीड लाख जास्त मोजून फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची की नाही? घाटातला पाऊस, बीचवरची वाळू आणि गावाकडचा चिखल... फॅमिली कारच्या निमित्ताने थोडा हिशेब!

परवा शनिवारी सकाळी सकाळी एका मित्राचा फोन. "शोरूमला येतोस का? तुझी वहिनी ऐकत नाहीये."

मित्र आयटीतला. बाणेरला टू बीएचके, पाच वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांची हॅचबॅक. आता बोनस झालाय, ईएमआय बसतोय, तेव्हा एसयूव्ही घ्यायची हे दोघांनाही मान्य. भांडण एकाच गोष्टीवरून. गाडी तीच, रंग तोच, पण मित्राला हवी ऑल व्हील ड्राइव्हवाली आणि वहिनींना साधी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. फरक दीड लाखाचा.

"अरे, ताम्हिणी! पावसाळ्यात ताम्हिणी इमॅजिन कर!" मित्र.

"वर्षातून दोनदा जातो ताम्हिणीला. त्याही भजी खायला," वहिनी.

सेल्सचा मुलगा उत्साही होता. त्याने टॅबवर एक व्हिडिओ लावला. दगडगोट्यांतून, ओढ्यातून गाडी अशी काही वर चढत होती की मलाही क्षणभर वाटलं, आपणच घेऊन टाकावी! व्हिडिओ संपला. वहिनींनी शांतपणे विचारलं, "हे सगळं चालायचं झालं. थांबताना काय?"

मुलाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने कॉफी मागवली.

वहिनींचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. इंजिनाची ताकद दोन चाकांना द्या नाहीतर चार, ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर साठच्या स्पीडने जाताना समोर म्हैस आली, तर फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला एक इंचही आधी थांबवत नाही. उलट त्या यंत्रणेचं पन्नास ते शंभर किलो वजन जास्तीचंच असतं. वळणावर गाडी घसरायला लागली की तिला सावरतात ते टायर आणि ईएससी, म्हणजे एकेका चाकाला गरजेप्रमाणे ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतेच, ते उगाच नाही. फोर व्हील ड्राइव्हसाठी तिथे एकही स्टार नाही!

मग तिचा उपयोग काय? थांबलेली गाडी हलवणं आणि हलणारी गाडी वर चढवणं. बस्स. चिखल, वाळू, बर्फ, सुटी खडी अशा जागी दोन चाकं नुसती गरगर फिरतात, तेव्हा उरलेली दोन पकड शोधतात. हे काम ती मनापासून करते. फक्त ते काम तुम्हाला वर्षातून किती वेळा पडतं, हा खरा प्रश्न.

नावातच सगळा घोळ

शोरूममध्ये एक गोष्ट पटकन कुणी सांगत नाही. फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह एकच नाहीत. थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत एक वेगळा लिव्हर असतो. तो हलवल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडली जातात. शिवाय लो रेंज मिळते, म्हणजे गाडी मुंगीच्या पावलांनी पण बैलाच्या ताकदीने चढते. पण हीच सोय कोरड्या डांबरावर वापरायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. जोडलेली असली की आतल्या गिअरवर ताण येतो. म्हणजे तुमची रुबाबदार फोर बाय फोर थार घाटातल्या चांगल्या रस्त्यावर मागच्या दोनच चाकांवर धावत असते! आणि २०२३ च्या जानेवारीत महिंद्राने थारच चक्क मागच्या दोन चाकांची, बरीच स्वस्तात आणली. ज्यांना थार हवी ती दिसण्यासाठी, त्यांची सोय झाली. (यात वाईट काही नाही. आपण ट्रेकिंगचे शूज घालून मॉलमध्ये जातोच की.)

फॅमिली कारमध्ये जे मिळतं ते सहसा ऑल व्हील ड्राइव्ह. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते. ती घसरली की कॉम्प्युटर मधला क्लच दाबतो आणि थोडी ताकद मागे पाठवतो. लो रेंज नसते. अवघड जागी जास्त वेळ झगडलात की क्लच तापतो आणि यंत्रणा काही वेळ सुट्टीवर जाते.

आता पैसे. दीड लाख ही फक्त एंट्री फी. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ साली आली, तेव्हा कंपनीचा मायलेजचा आकडा साध्या मॅन्युअलला लिटरमागे २१.११ किलोमीटर होता आणि ऑल व्हील मॅन्युअलला १९.३८. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर पन्नास लिटरचा फरक. पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे वर्षाला पाच हजार सरळ गेले. फार नाहीत, मान्य. पण पुढचं ऐका. ऑल व्हील गाडीचे चारही टायर सारखेच झिजलेले असावे लागतात. एक फाटला आणि एकच नवा टाकला, तर चाकांच्या घेरात फरक पडून तो मधला क्लच उगाचच राबत राहतो. बंद पडली तर दोन चाकं उचलून टो करायची नाही, आख्खी गाडी फ्लॅटबेडवरच न्यायची. भरीला, हे सगळं सहसा महागड्या व्हेरियंटमध्येच मिळतं. त्यामुळे मागचं चाक फिरावं म्हणून तुम्ही सनरूफचेही पैसे भरता.

पाऊस, पाणी आणि फाजील आत्मविश्वास

ताम्हिणीकडे वळू. रस्ता डांबरी आहे. तिथे धोका कशाचा? धुक्याचा, दरडीचा, खड्ड्यांचा, समोरून आपल्या लेनमध्ये येणाऱ्या शहाण्याचा. आणि पाण्याच्या थरावर टायर तरंगण्याचा. या शेवटच्या दुखण्यावर औषध एकच, टायरच्या खाचा. कायद्याने १.६ मिलिमीटर खोल खाच चालते, पण मी तर म्हणेन, पावसाळ्याआधी ती तीनच्या खाली गेली असेल तर टायर बदलून टाका. चार नवे, चांगल्या ब्रँडचे टायर त्या दीड लाखाच्या अर्ध्यातही बसतात.

साचलेलं आणि वाहतं पाणी हा आणखी वेगळा विषय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. पाण्यात गाडी बंद पडते ती चाकांमुळे नाही, हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरल्यामुळे. आणि फरशी पुलावरून फूटभर पाणी जोरात वाहत असेल तर छोटी गाडी हलू शकते, दोन फूट असेल तर एसयूव्हीसुद्धा. तरंगणाऱ्या गाडीची चारही चाकं फिरली काय नि दोन फिरली काय! माझी खरी तक्रार इथेच आहे. फोर व्हील ड्राइव्हचा बिल्ला पाहून माणूस एरवी जिथून मागे फिरला असता तिथे पुढे जातो.

बीचवरही तेच. दर सुट्टीत कोकणातल्या कुठल्या तरी किनाऱ्यावर एक गाडी रुतते, भरतीचं पाणी चढत जातं आणि शेवटी गावातला जेसीबी येतो. वाळूत जायचं तर टायरमधली हवा कमी करावी लागते, हे यातल्या फारच थोड्यांना माहीत असतं. गोव्यात तर बीचवर गाडी घालायलाच बंदी आहे, पोलिस केस होते. तेव्हा तो वीकेंडचा सीन विसरा.

"पण माझ्या मावसभावाकडे कॅनडात ऑल व्हील आहे ना," मित्राने शेवटचा बाण काढला. असेलच! सहा महिने बर्फ असेल तर मीही घेईन. गंमत म्हणजे त्याच कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. फोर व्हील ड्राइव्ह सक्तीची नाही. बर्फात राहणाऱ्यांनी काय आधी हवं ते ठरवून टाकलंय. आपल्याकडे मनाली-लाहौल भागात हिमवृष्टी झाली की पोलिस अनेकदा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. दर हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन तिकडे जाणार असाल तर जरूर घ्या. एकदाच जाणार असाल तर तिथली टॅक्सी करा.

एका बाबतीत मात्र मित्राच्या बाजूने बोलायला हवं. पुढच्या चाकांच्या गाडीला एक जन्मजात खोड आहे. पाच माणसं, डिकीत सामान आणि समोर उभा, ओला, खडीचा चढ. वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. मुळशी-पानशेतच्या डोंगरउतारावरच्या बंगल्यांकडे, होमस्टेकडे जाणारे शेवटचे दोनशे मीटर असेच असतात. माणसं उतरवायची, थोडं मागे येऊन एकाच लयीत चढायचं, की बहुतेक वेळा जमतं. पण कुणाचं घरच अशा चढावर असेल, तर त्याला रोज माणसं उतरवा असं कसं सांगणार? त्याने दीड लाख घालावेत.

खरं कारण

शोरूममधून बाहेर पडून समोर चहा घ्यायला बसलो. मित्र गप्प होता. मग वहिनीच म्हणाल्या, "ताम्हिणी-बिम्हिणी काही नाही हो. तो अण्णांमुळे म्हणतोय."

अण्णा म्हणजे वहिनींचे वडील. औशाकडे शेतात वस्ती करून राहतात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत दीड किलोमीटर पाणंद, दोन्हीकडे काळं रान. गेल्या ऑगस्टमध्ये रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स डांबरीपर्यंत आली, पुढे येईना. चुलतभावाने आपली एसयूव्ही घातली. ऑल व्हीलच होती. दोनशे मीटरवर पोटापर्यंत बसली. शेवटी ट्रॉलीत गादी टाकून अण्णांना ट्रॅक्टरने बाहेर काढलं. दोन तास गेले. अण्णा वाचले, पण डॉक्टर त्या दोन तासांबद्दल बोललेच. मित्र पुण्याहून रात्रभर गाडी चालवत पहाटे पोहोचला होता आणि त्याने ती चिखलात बसलेली गाडी पाहिली होती.

"आपली गाडी तरी आत गेली पाहिजे," तो चहाच्या ग्लासकडे बघत म्हणाला.

यावर जोक करता येत नाही. पण काळ्या मातीचं खरं तेच सांगावं लागतं. ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि हायवे टायरच्या बारीक खाचा पहिल्या चार फेऱ्यांत भरून टाकते. त्यानंतर टायर गुळगुळीत चेंडू. गुळगुळीत चाकं दोन फिरली काय, चार फिरली काय, गाडी खालीच जाते. आणि एकदा पोट टेकलं की विषय संपला. ट्रॅक्टर निघतो कारण त्याची मागची चाकं छातीएवढी उंच आणि खाचा चांगल्या खोल असतात. त्या पाणंदीला लागेल ती उंच, लो रेंजवाली, खोल खाचांच्या टायरची गाडी. ती घेतली तर उरलेले तीनशे साठ दिवस बाणेर ते हिंजवडी आवाज आणि दणके सोसायचे. मित्राने दीड लाख घातले असते आणि चुलतभावाच्या शेजारीच जाऊन बसला असता.

"मुरूम," वहिनी म्हणाल्या. "अण्णा तीन वर्षं म्हणतायत, ओढ्याजवळचा तुकडा तेवढा वाईट आहे, तिथे मुरूम टाकू. पण भावकीत वर्गणी कोण काढणार यावर अडतं."

पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारची योजना आहे, रोजगार हमीतून कामं होतात, पण फायली फायलींच्या वेगाने चालतात. मित्राने चहा संपवला आणि शोरूमच्या मुलाला फोन करून साधं व्हेरियंट बुक केलं. ईएससी आणि सहा एअरबॅग असलेलं, सनरूफ नसलेलं. मग तिथूनच अण्णांना फोन लावला. अर्धी वर्गणी मी घालतो म्हटल्यावर भावकी कशी पटापट तयार झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मे महिन्यात मुरूम पडला. रोलर फिरवला, बाजूने चर काढला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांच्या पावसानंतर नवी गाडी, मुलगी मागच्या सीटवर, पुढच्या दोन चाकांवर सरळ वस्तीपर्यंत गेली. ओढ्यापाशी चाकं जरा गरगरली, पण गेली.

अण्णांनी गाडीला नारळ फोडला, बॉनेटवर हात फिरवला. ट्रॅक्टरची किल्ली मात्र पावसाळाभर दाराजवळच्या खिळ्यालाच असते, आणि ती कुठे आहे हे आता नातीलाही माहीत आहे.